पणजोबांच्या माळेला मान, पणतीच्या नकाराला?

"नुसता रस्सा घे गं, फोडी मी काढून देते."

शाकाहारी लेकराच्या वाट्याला जेवढी वाक्यं येतात, त्यांत हे सगळ्यांत वाईट. वाईट अशासाठी की ते प्रेमानं बोललं जातं. बोलणारी बाई पोरीला जवळ घेऊन बसलेली असते, डोक्यावरून हात फिरवत असते, आणि दुसऱ्या हातात वाटी असते. वाटीत पांढरा रस्सा. नारळाचं दूध, तीळ, काजू, आणि खाली मटणाचं अळणी. पोर विचारते, "यात काय आहे?" उत्तर येतं, "काही नाही, नारळ आहे."

नारळ आहेच. पण जे विचारलं होतं ते सांगितलं नाही. मला बोलायचं आहे ते या न सांगण्याबद्दल.

कोल्हापूरकडच्या खाणाऱ्या घरात मी शाकाहारी मुलगी वाढवते आहे. माझं माहेर माळकरी, सासर जत्रेला बकरं करणारं. लग्नाआधी आम्ही दोघांनी बोलून ठरवलं होतं की मूल कळतं होईपर्यंत शाकाहारी राहील, पुढचं त्याचं ते ठरवेल. नवरा खातो, मी खात नाही, यावरून घरात कधी भांडण झालं नाही. पण मुलगी जेवायला लागली आणि गावाला मत फुटलं. "अंडं तरी द्या, अंडं शाकाहारीच असतं." "एवढंसं अळणी पाजा, हाडं भरतील." "तिला कळणार पण नाही." "मोठी झाली की खाईलच, मग आत्ता काय?" आणि बायकांनी बायकांना हळू आवाजात विचारायचा प्रश्न: "उद्या खाणाऱ्या घरात पडली तर?"

पोरगी अजून बाराखडी गिरवते आहे आणि तिच्या सासरच्या चुलीवर काय शिजेल याची काळजी सुरू झाली आहे. मुलगा असता तर वाक्य बदललं असतं: "मर्दासारखं खा की जरा." म्हणजे मुलीनं परक्या घरासाठी खायचं आणि मुलानं पुरुषपणासाठी. स्वतःच्या जिभेसाठी आणि स्वतःच्या मनासाठी मूल जेवतं, हे कुणाच्या गावीच नाही.

"तिला कळणार पण नाही" या वाक्याची मला सगळ्यांत जास्त चीड आहे. कळतं. त्याच दिवशी नाही तर दोन महिन्यांनी कळतं, आणि सांगायला कुणी मोठं माणूस येत नाही. एखादा चुलतभाऊ सगळ्या पोरांत उभा राहून ओरडतो, "तू मटण खाल्लंयस, काकूनं घातलं होतं!" पोरं हसतात. त्या क्षणी त्या मुलीला बाटल्यासारखं वगैरे काही वाटत नसतं, तो विचार मोठ्यांचा. आपण विचारलं होतं आणि आपल्याला खोटं सांगितलं गेलं, एवढंच तिला वाटतं. त्यानंतर ती त्या काकूच्या हातचं साधं वरणसुद्धा वास घेऊन खाते. घासभर रस्सा पोटात गेल्यानं कुठल्याही मुलाचं काही बिघडत नाही. वाढणाऱ्या हातावरचा विश्वास गेला तर मात्र बरंच बिघडतं.

आता मुख्य मुद्दा. "एका पोरीसाठी वेगळं कसं करत बसायचं?" असं जे घर म्हणतं, त्या घराला वेगळं करता येत नाही असं मला कुणी सांगू नये. मी बघितलंय. मटण खाणारं मराठी घर जितक्या सफाईनं दोन स्वयंपाक करतं तितकं जगात क्वचित कुणी करत असेल. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही. श्रावणभर नाही, मार्गशीर्षातल्या गुरुवारी नाही, नवरात्रात नाही. गणपती घरात असेपर्यंत नाही, गौरीच्या दिवसाचा रिवाज प्रत्येक घराचा वेगळा, तोही सगळ्यांना तोंडपाठ. मटणाचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, पुष्कळ घरांत चूलसुद्धा वेगळी, परड्यात तीन विटा मांडून केलेली. गोव्यात आणि तळकोकणात तर घरोघरी मासे, तरी सोमवारचं शिवराक जेवण मासळीचा थेंब न लागता होतं आणि चवीला कुठेही उणं नसतं. "आज वार आहे" एवढं म्हटलं की भारतातला सर्वांत हट्टी मामासुद्धा वाढपाचा हात मागे घेतो. तो म्हणत नाही, "नुसता रस्सा घे." तो म्हणत नाही, "देवाला काय कळतंय."

आणि आमच्याच घरात आजेसासरे माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी. त्यांच्यासाठी सासूबाई आयुष्यभर वेगळं शिजवत आल्या. जत्रेच्या दिवशी सगळं गाव मटणावर असताना त्यांचं ताट आधी वाढलं जायचं, स्वच्छ जागेवर, स्वतंत्र. त्यांना कुणी "ताकद कुठून येणार" असं विचारलं नाही. त्यांच्या वाटीत कुणी गुपचूप अळणी ओतलं नाही. तसं करणाऱ्याला घरानं उभं केलं नसतं.

मग त्याच घरात त्यांच्या पणतीनं "मला नको" म्हटलं की ते लाड कसे ठरतात? म्हाताऱ्या माणसाचं व्रत ते व्रत आणि लहान मुलाचं "नको" ते खूळ. देवासाठी जमतं, म्हाताऱ्यासाठी जमतं, पाहुण्या जावयाच्या उपवासासाठी साबुदाणा वेळेवर भिजतो. जमत नाही ते फक्त लेकरासाठी, कारण लेकरू उठून जाऊ शकत नाही. मूल म्हणजे ज्याच्या नकाराला काही किंमत पडत नाही असं माणूस, हा हिशेब इथं आहे, आणि तो जेवणापुरता थांबत नाही. "नको" म्हटल्यावर पापा घेणारे काका आणि "नको" म्हटल्यावर रस्सा वाढणारी काकू एकाच शाळेत शिकलेले असतात.

माझ्या मुलीचा सातही दिवस वार आहे. एवढं धरून चाला. बाकी सगळं तुम्हाला येतं.

ताकदीचा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण तो खरा आहे. शाकाहारी आईबापांनी त्याचं उत्तर भावनेनं देऊ नये, आकड्यांनी द्यावं. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये जी शिफारस केली, तिच्यानुसार 7 ते 9 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. पेलाभर दुधातून 6 ते 7 ग्रॅम मिळतात. मूठभर शेंगदाण्यांतून 6 ग्रॅमच्या आसपास, 30 ग्रॅम तुरीच्या डाळीतून तेवढेच, आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून आणखी 10 ग्रॅमपर्यंत. बेरीज करा. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. लोहाचं जरा अवघड आहे, कारण पालेभाजी-डाळीतलं लोह शरीर मटणातल्या लोहाइतकं सहज घेत नाही. म्हणून आमटीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर मुलाला चहा द्यायचा नाही.

आणि बी-12. इथं शाकाहारी घरांनी कान टोचून घ्यायला हवेत. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. मेथी, पालक, मोड आलेले मूग यांतून ते मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून थोडं मिळतं, पुष्कळदा पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यांपैकी दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 कमी होतं. 2008 साली त्यांनी दाखवलं की ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक होती. हा पुण्याचा अभ्यास आहे, आपल्याच भाकरी-भाजीवर वाढलेल्या लोकांचा. तेव्हा "आमच्या सात पिढ्या वरणभातावर जगल्या" हे उत्तर चालणार नाही. डॉक्टरांना विचारा, रक्त तपासा, कमी असेल तर पूरक औषध द्या. मूल शाकाहारी ठेवायचं आणि हिमोग्लोबिनकडे बघायचं नाही, त्या आईबापांची बाजू मी घेणार नाही. नीट आखलेला शाकाहार बालपणापासून कुठल्याही वयाला पुरेसा आहे, असं अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संस्थेनं 2016 मध्ये लेखी म्हटलं होतं. त्यातला "नीट आखलेला" हा भाग आपल्याकडे सोयीनं गाळला जातो.

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. "अंडं सुरू करा" हे तीन सेकंदांत सांगून होतं. "अंडं देत नाही ना, मग हे हे द्या" असं सांगायला तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं द्या. आणि गोळीचं आवरण जिलेटिनचं आहे की नाही यावरून आजारी मुलाचं औषध थांबवणाऱ्या पालकांनाही सांगते, औषध आधी. पातळ औषध किंवा साधी गोळी मिळते का ते विचारा. नसेल मिळत तर आहे ते द्या, आणि मुलाला खरं सांगून द्या.

बाजाराचं काम त्या मानानं सोपं. 2001 पासून पाकिटावर हिरवा ठिपका की तपकिरी खूण हे छापावंच लागतं. तपकिरी गोलाच्या जागी आता त्रिकोण आला, रंग नीट न ओळखणाऱ्यांनाही कळावा म्हणून. या नियमात अंडं मांसाहारातच धरलं आहे, दूध नाही. म्हणजे "अंडं शाकाहारीच" हा वाद निदान पाकिटावर तरी संपलेला आहे. अडतं ते पाकीट नसलेल्या वस्तूपाशी. वाढदिवसाचा केक, बेकरीतल्या नानकटाईशेजारची मऊ पेस्ट्री, मार्शमॅलोचं जिलेटिन, चायनीजच्या गाडीवरचं सूप, वूस्टर सॉसमधली अँकोव्ही मासळी. मुलाला अक्षर ओळखता येण्याआधी खूण ओळखता येते, ती शिकवा. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मैत्रिणी सांगतात की तिथं साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचं दाशी असतं, आणि विचारल्यावर दुकानदार मनापासून "मांस नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. मालवणी वांग्यातल्या सोड्यांचं तसंच. घालणाऱ्या बाईला तो मसाला वाटतो. म्हणून "शाकाहारी आहे का" असं विचारू नये. "यात मासा, मटण, अंडं, सोडे, काही घातलंय का" असं एकेक नाव घेऊन विचारावं.

आणि आता आपल्या माणसांकडे वळते. मान मागणाऱ्या शाकाहारी आईबापांकडे.

शेजारच्या मुलीनं डबा उघडला, त्यात बोंबलाची चटणी निघाली, आणि तुमच्या लेकीनं नाक दाबून "शी!" केलं, तर तो "शी" तिनं आणला कुठून? घरून. महाराष्ट्रात हा "शी" साधा नाही. तो जातीच्या उतरंडीवरून खाली येतो. शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांचं अन्न लिहून ठेवलं, 2015 मध्ये. कुठल्या जनावराचा कुठला भाग कसा शिजवत, तो कसा टिकवत, हे सगळं. ते वाचल्यावर कळतं की आपल्या ताटाचं पावित्र्य सांगत आपण किती लोकांना वर्गाबाहेर, पंगतीबाहेर, भाड्याच्या घराबाहेर ठेवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 80 टक्क्यांहून जास्त पुरुषांनी आणि साधारण 70 टक्के बायकांनी आपण मासे, चिकन किंवा मटण खातो असं सांगितलं. संख्येनं आपण थोडे आहोत आणि दरारा मात्र आपला. माझ्या मुलीला जो मान मी मागते तो त्या बोंबीलवाल्या मुलीच्या डब्याला मिळत नसेल, तर माझं मागणं पोकळ आहे.

शाळेतल्या अंड्याचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, आणि जे मूल अंडं खात नाही त्याला केळं किंवा दुसरं फळ. माझ्या मते इतका सरळ निर्णय क्वचित होतो. दोन मुलं, एक बाक, एकाच्या हातात अंडं, दुसऱ्याच्या हातात केळं, मधल्या सुट्टीत दोघं मैदानात. पण विरोध झाला. मग ज्या शाळेत 40 टक्के पालक नको म्हणतील तिथं अंडं नको, असं ठरलं. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारनं अंड्यासाठीचा निधीच बंद केला. हवं तर लोकसहभागातून आणा म्हणून सांगितलं. ज्या मुलाला घरी अंडं परवडत नाही, त्याच्या गावात लोकसहभाग कुठून उभा राहणार? माझ्या मुलीला केळं हवंय. दुसऱ्याचं अंडं काढून घ्यावं असं तिनं कधी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही, आणि शाकाहाराच्या नावानं कुणी म्हणत असेल तर त्याला आमचं नाव लावू नये. मुंबईच्या आयआयटीत 2023 मध्ये वसतिगृहाच्या खाणावळीत सहा टेबलं फक्त शाकाहारी जेवणाऱ्यांसाठी राखली गेली, आणि निषेध म्हणून तिथं बसून मांस खाणाऱ्या विद्यार्थ्याला 10 हजारांचा दंड झाला. माझं मागणं ताटाचं आहे. टेबल सगळ्यांचं.

मागायचं कसं, तेही सांगते, कारण पुष्कळ भांडणं त्यातच होतात. पानं मांडल्यावर "आमची खात नाही हं" असं जाहीर करू नये. यजमानीण कानकोंडी होते आणि पुढचा तास सगळ्यांचं लक्ष त्या पोरीच्या ताटावर. आदल्या दिवशी फोन करावा. "वरणभात आणि लोणचं पुरे, फक्त डाव वेगळा ठेवा" म्हणावं. डबा न्यायचा असेल तर तोंड पाडून नेऊ नये. आणि मुलाला स्वतःचं एक वाक्य द्यावं: "मी हे खात नाही, मला भाजी वाढा ना." त्यापुढे प्रवचन नको, प्राण्यांच्या कत्तलीच्या गोष्टी नकोत. सहा वर्षांच्या मुलानं जेवणाऱ्या माणसाला त्याच्या ताटातल्या बकऱ्याची आठवण करून देणं हा शाकाहार नव्हे, उद्धटपणा आहे. जेवणारा जेवत असताना त्याला सुखानं जेवू द्यावं, हे मुलाला येत असेल तर लोकही त्याला सुखानं जेवू देतील. सगळे नाही. पण जे नाही देणार त्यांच्याशी बोलायचं काम आईबापांचं, मुलाचं नव्हे. तिथं भिडस्तपणा नको. सासूबाईंशी मी बोलले, जाऊबाईंशीही बोलले, आणि मला नवऱ्यानं साथ दिली म्हणून ते टिकलं. सून एकटी बोलली की तो सुनेचा आडमुठेपणा होतो. मुलगा आईशी बोलला की घराचा नियम होतो. घरच्या पुरुषांनी या कामातून अंग काढून घेऊ नये.

आता राहिलं ते "मोठी झाली की खाईलच." खाईल कदाचित. तो तिचा अधिकार आहे, आणि त्या दिवशी मी रडत बसणार नाही. तिच्या आत्या मालवणात असतात. तिला कधी मासा खाऊन बघावासा वाटला तर मी तिला आत्यांकडे घेऊन जाईन, बाजारात ताजी सुरमई तिला दाखवेन, आणि हा कुठला मासा, कुठल्या समुद्रातला, कसा कापला, हे सगळं आत्या तिला सांगतील. पहिला तुकडा कुणाच्या पैजेवर नको, काकांच्या "बघू तरी हिंमत" वर नको, डोळे मिटून नको. आणि एका तुकड्यानंतर तिनं ताट सरकवलं तर आत्यांकडे सोलकढी-भात असतोच, दुसरं काही विचारू नये.